मेक्सिकोच्या चुलीवरचें मडकें



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया, तह आणि सनदा उभ्या राहतात. जिला सनद नाहीं, शिलालेख नाहीं आणि जिच्यासाठीं कोणी लढाई केली नाहीं, अशा वस्तूलाही इतिहास असूं शकतो, हें सहसा आपल्या ध्यानीं येत नाहीं. आज अशाच एका वस्तूची हकीकत मी आपणांस सांगणार आहें. ती वस्तु म्हणजे मेक्सिको देशांत घरोघरीं चुलीवर चढणारें घेवड्याचें मडकें.

हा घेवडा म्हणजे आपल्या बाजारांत ज्याला आतां सर्रास राजमा म्हणतात, त्याच जातीचा वाळलेला दाणा. मेक्सिकोंत त्याला 'फ्रिहोल' म्हणतात, आणि मडक्यांत शिजविलेल्या दाण्यांना 'फ्रिहोलेस दे ओया'. 'ओया' म्हणजे मडकें. हा शब्द स्पॅनिश भाषेंत लॅटिन 'ओल्ला' या शब्दावरून आला, आणि त्या लॅटिन शब्दाचें नातें भाषाशास्त्रज्ञ आपल्या वैदिक 'उखा' या शब्दाशीं जोडतात. उखा म्हणजे मातीचें शिजविण्याचें पात्र. तेव्हां निदान नांवापुरतें तरी हें मडकें आपल्या दूरच्या सोयऱ्यांपैकीं आहे.

या मडक्याची गोष्ट सांगावीशी वाटण्याचें आणखी एक कारण आहे. १८९९ सालीं मेक्सिकोंतल्याच एका वजनदार राजकारणी लेखकानें असा सिद्धान्त मांडला कीं, आपल्या देशांतील खेडूत मागासलेले आहेत याचें मूळ त्यांच्या अन्नांत आहे. मका खाणारी जात कधीं पुढें यावयाची नाहीं, गहूं खाणाऱ्यांचेंच जग आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. गरिबाच्या गरिबीचें कारण त्याच्या ताटांत शोधण्याची ही बुद्धि फक्त मेक्सिकोंत होती असें नाहीं. म्हणूनच या खटल्याची साक्षीपुराव्यासह तपासणी करण्याजोगी आहे. तत्पूर्वीं मडक्यांत काय असतें आणि तें कसें शिजतें, हें पाहूं.

कृति साधी आहे. दाणे परातींत घेऊन निवडावयाचे, खडे आणि किडके दाणे काढून टाकावयाचे आणि दोन-तीन पाण्यांनीं धुवावयाचे. आपण कडधान्य आदल्या रात्रीं भिजत घालतों. मेक्सिकोंत याविषयीं दोन पक्ष आहेत. पुष्कळ जुन्या सुगरणी दाणे न भिजवितांच चुलीवर चढवितात. भिजविल्याचें पाणी ओतून दिलें म्हणजे रंग आणि चव दोन्ही मोरींत जातात, असें त्यांचें म्हणणें. यंदाच्या पिकाचा दाणा असेल तर हें खुशाल चालतें. जुन्या दाण्याला मात्र भिजविलेलेंच बरें. मडकें मोठ्या पोटाचें आणि लहान तोंडाचें असतें. त्यांत दाण्यांच्या कितीतरी पट पाणी, अर्धा कांदा, एखादी लसणीची पाकळी आणि चमचाभर डुकराची चरबी घालतात. एकदां चांगली खळखळून उकळी आली कीं आंच मंद करावयाची आणि पुढचें काम वेळेवर सोपवावयाचें.

ही पहिली खळखळती उकळी मात्र कोणी टाळूं नये. कच्च्या घेवड्यांत, विशेषतः तांबड्या दाण्यांत, एक अपायकारक प्रथिन असतें. निदान दहा मिनिटें तरी पाणी खळखळ उकळल्यावांचून तें नष्ट होत नाहीं. नुसत्या कोमट आंचेवर अर्धवट शिजलेला दाणा तर कच्च्याहूनही अधिक बाधतो. हें शास्त्र आपणांस अलीकडे कळलें. मेक्सिकोच्या बायकांनीं तें उकळीच्या रूपानें फार पूर्वींपासून पाळलें आहे.

मडक्याच्या तोंडावर झांकण म्हणून मातीचें एक लहान वाडगें ठेवतात आणि तें पाण्यानें भरतात. खालच्या वाफेनें तें पाणी तापत राहतें. मडक्यांतलें पाणी आटलें कीं तेंच ऊन पाणी आंत ओतावयाचें आणि वाडगें पुन्हां भरून ठेवावयाचें. गार पाणी कधींही घालावयाचें नाहीं. श्रोत्यांपैकीं भगिनींना हें ऐकून हसूं आलें असेल, कारण भाजीवर ताटली झांकून तींत पाणी ठेवण्याची आणि लागेल तसें तेंच आधणाचें पाणी आंत सोडण्याची चाल आपल्या स्वयंपाकघरांतही आहे. दोन्ही देशांतील गृहिणींनीं ही युक्ति एकमेकींस शिकविलेली नाहीं. जळण महाग आणि दाणा कठीण, अशी अडचण दोघींपुढें सारखीच होती, म्हणून उत्तरही सारखें निघालें.

मीठ घालावयाचें तें दाणा मऊ झाल्यावर. आधीं घातल्यास दाणा आडतो अशी समजूत आहे. आजच्या रसायनशास्त्राचें मत थोडें निराळें आहे. दाण्याला अडवून धरतात ते मुख्यतः पाण्यांतील चुन्याचे क्षार, टोमॅटोसारखे आंबट पदार्थ आणि दाण्याचें वय. उष्ण व दमट जागीं वर्षानुवर्षें पडून राहिलेला दाणा कितीही शिजवा, गणंगच राहतो. तरीही मीठ शेवटीं घालण्याची चाल शहाणपणाची आहे. कारण रस्सा तासन् तास आटत असतो, आणि आरंभीं बेताचें वाटलेलें मीठ अखेरीस खारट होऊन बसतें. मीठाच्याच सुमारास 'एपासोते' नांवाच्या उग्र वासाच्या पाल्याची एक डहाळी टाकतात. आपण वालाला किंवा वाटाण्याला हिंग-ओवा लावतों, त्याच हेतूनें. वातूळ पदार्थाला उतारा म्हणून. या पाल्याचें नांव स्पॅनिश नव्हे, तें आस्तेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेंतलें आहे.

वेळ किती लागतो, हें गांव कोठें आहे यावर अवलंबून असतें. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २,२४० मीटर उंचीवर वसलें आहे. तेथें हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभर अंशांवर न उकळतां सुमारें ९३ अंशांवरच उकळतें. किनाऱ्यावर दोन तासांत शिजणारा दाणा तेथें त्याहून पुष्कळ अधिक वेळ घेतो. या पठारावर वाढलेल्या माणसाच्या स्वभावांत घेवड्यानें धीर मुरविला असें कोणी म्हटलें तर ती केवळ अलंकारिक भाषा ठरूं नये.

एकदां शिजलेलें मडकें एका दिवसांत संपत नाहीं. पहिल्या दिवशीं दाणे त्यांच्या रश्शासह वाडग्यांत घेऊन मक्याच्या भाकरीबरोबर, म्हणजे टॉर्टियाबरोबर खातात. दुसऱ्या दिवशीं रस्सा दाट झालेला असतो. त्याची सार-आमटी होते. तिसऱ्या दिवशीं उरलेले दाणे चरबींत घालून, रगडून, कोरडे होईपर्यंत परततात. यांना 'फ्रिहोलेस रेफ्रितोस' म्हणतात. परदेशांत याचा अर्थ 'पुन्हां तळलेले' असा करण्यांत आला, तो बरोबर नाहीं. दाणे पूर्वीं एकदांही तळलेले नसतात. मेक्सिकोच्या बोलींत 'रे' हा उपसर्ग 'चांगलें', 'पुरेपूर' या अर्थीं लावतात. तेव्हां रेफ्रितोस म्हणजे चांगले परतलेले. प्रांताप्रांतांची आवड निराळी आहे. वेराक्रूझ, युकातान आणि ओआहाका या दक्षिणेकडील भागांत काळा दाणा चालतो, उत्तरेकडे ठिपक्याठिपक्यांचा पिंतो, मध्यभागीं फिक्या रंगाचा बायो. ओआहाकांत मडक्यांत अव्होकाडोचीं पानेंही घालतात. त्यांना बडीशेपेसारखा वास येतो.

आतां या दाण्याच्या कुळाकडे वळूं. घेवड्याचा रानटी पूर्वज म्हणजे एक वेल. उत्तर मेक्सिकोपासून थेट अर्जेंटिनाच्या वायव्य भागापर्यंत तो आजही रानांत आढळतो. त्याचा दाणा बारीक, कठीण सालीचा. पाणी आंत लवकर शिरूं न देणारा. शेंग वाळली कीं पिळवटून फुटते आणि दाणे दूर उडवून देते. ज्या शेंगा फुटल्या नाहींत, जे दाणे मोठे होते आणि जे पाण्यांत लवकर फुगले, तेच माणसाच्या हातीं पुन्हां पुन्हां आले, आणि त्यांचेंच बीं पुढच्या वर्षीं पेरलें गेलें. रानवेलीचें पीक झालें तें अशा शेंकडों पिढ्यांच्या निवडीनें. आश्चर्याची गोष्ट ही कीं हें एकदां नव्हे, दोनदां घडलें. मेक्सिकोच्या बाजूस एकदां आणि दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांत एकदां, परस्परांशीं संबंध नसतांना लोकांनीं हा एकच वेल माणसाळविला. हें दोन्हींकडील दाण्यांतील प्रथिनें व आनुवंशिक घटक ताडून सिद्ध झालें आहे.

हें केव्हां घडलें? १९६० नंतरच्या दशकांत रिचर्ड मॅकनीश या पुराणवस्तुसंशोधकानें मेक्सिकोच्या तेवाकान खोऱ्यांतील कोरड्या गुहा खणल्या. मक्याचीं चिमुकलीं कणसें सांपडलीं, तसेच घेवड्याचे दाणे आणि शेंगाही सांपडल्या. ज्या थरांत ते सांपडले त्यांवरून घेवड्याचें वय सहा-सात हजार वर्षांचें ठरविण्यांत आलें, आणि कित्येक वर्षें पुस्तकांत तसेंच छापलें जात होतें. पुढें एकेका दाण्याचेंच वय काढण्याची नवी रीति निघाली, आणि १९९९ सालीं निष्कर्ष बाहेर आला कीं तेवाकानचा सर्वांत जुना दाणा सुमारें २,३०० वर्षांपूर्वींचा आहे. पेरूंतील एका गुहेंतला दाणा त्याहून जुना, सुमारें ४,३०० वर्षांचा निघाला. बारीक दाणे उंदराघुशींच्या बिळांतून खालच्या थरांत उतरतात, हें त्याचें एक साधें कारण असूं शकतें. याचा अर्थ घेवड्याची शेती तेव्हांच सुरू झाली असा मात्र नव्हे. आनुवंशशास्त्राचे अभ्यासक ती त्याच्या कितीतरी आधींची मानतात. गुहेंत जपून राहिलेला दाणा म्हणजे पहिला दाणा नव्हे. पुराव्यानें आपलेंच मत बदलावें लागलें तर तें उघडपणें बदलणें, हा गुण इतिहासाभ्यासांत किती मोलाचा आहे, तें या दाण्याच्या वयावरून दिसून येतें.

येथें आपल्या देशाचाही थोडा संबंध येतो. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील पुष्कळ विद्वान हा घेवडा मूळचा हिंदुस्थानचा असें धरून चालत. पेरूंतील आंकोन येथें जुनीं थडगीं उकरण्यांत आलीं. त्यांत मृतांच्या सोबतीस ठेवलेले घेवड्याचे दाणे निघाले, आणि १८८० सालीं विटमाक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें ते ओळखले. तेव्हांपासून हा दाणा अमेरिकेचा हें हळूहळू सर्वमान्य झालें. नांवाचाही असाच घोटाळा आहे. 'फ्रिहोल' हा शब्द लॅटिन 'फासेओलुस' यावरून आला. परंतु रोमन लोक ज्याला फासेओलुस म्हणत, तो अमेरिकेचा घेवडा असणें शक्यच नाहीं. तें बहुधा आपली चवळी किंवा तिच्या जातीचें धान्य असावें. कोलंबसच्या दैनंदिनींत १४९२ च्या नोव्हेंबरांत क्यूबांतल्या नवख्या शेंगदाण्यांना स्पेनमधील परिचित कडधान्यांचींच नांवें दिलेलीं आढळतात. अशा रीतीनें नव्या जगाच्या दाण्यानें जुन्या जगाच्या चवळीचें नांव घेतलें, आणि पुढें युरोपांत चवळीची जागाही घेतली.

मेक्सिकोंत त्याचें स्वतःचें नांव होतें 'एत्ल'. शेतांत तो एकटा पेरला जात नसे. मका, घेवडा आणि भोपळा हीं तीन पिकें एकाच शेतांत लावावयाचीं. अशा शेताला 'मिल्पा' म्हणतात. मक्याचें ताट उभें राहतें आणि घेवड्याच्या वेलाला आधार देतें. घेवड्याच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतला नत्र घेऊन जमिनीचा कस राखतात. भोपळ्याचीं रुंद पानें जमीन झांकून ओल टिकवितात व तण वाढूं देत नाहींत. शेतांतली ही मैत्री ताटांतही चालू राहते. प्रथिनें ज्या निरनिराळ्या घटकांचीं बनलेलीं असतात, त्यांपैकीं लायसिन व ट्रिप्टोफॅन हे दोन मक्यांत तुटपुंजे असतात. घेवड्यांत लायसिन भरपूर; उलट त्यांत मेथिओनिन कमी, तें मका पुरवितो. आपल्याकडील भाकरी-पिठलें किंवा वरण-भात या जोडींत हेंच रहस्य आहे. शिवाय मका दळण्यापूर्वीं तो चुन्याच्या पाण्यांत शिजविण्याची रीति तेथें फार जुनी आहे. तिच्यामुळें मक्यांतील नायसिन नांवाचें जीवनसत्त्व शरीराला मिळूं शकतें. युरोपांत मका गेला, पण चुन्याची ही रीति मागेंच राहिली. परिणाम असा झाला कीं उत्तर इटलींत, आणि पुढें अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत, मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नांवाच्या रोगानें ग्रासलें.

आस्तेक राज्यांत घेवड्याचें महत्त्व किती होतें, तें खंडणीच्या हिशेबांवरून कळतें. सन १५४० च्या सुमारास तयार झालेलें 'मेंदोसा' नांवाचें चित्रमय हस्तलिखित आज ऑक्सफर्डच्या ग्रंथालयांत आहे. मांडलिक प्रांतांनीं राजधानीस काय काय पाठवावयाचें, तें त्यांत चित्रांनीं दाखविलें आहे. पिसारे, पोषाख आणि ढालींच्या शेजारीं मका व घेवड्यांनीं भरलेल्या कणग्या काढलेल्या आहेत. कोर्तेसच्या सैन्यांतला शिपाई बेर्नाल दियास यानें १५१९ मध्यें त्लातेलोल्कोचा प्रचंड बाजार पाहिला, आणि म्हातारपणीं लिहिलेल्या आपल्या इतिहासांत सोनें, गुलाम, कापड यांच्या जोडीला घेवडा विकणाऱ्यांचीही आठवण ठेवली. त्याहून बारकाईनें लिहिलें तें साआगुन नांवाच्या धर्मोपदेशकानें. आस्तेक जाणत्यांना विचारून विचारून त्यानें बारा भागांचा एक ज्ञानकोश सिद्ध केला. १५७७ च्या सुमारास पुरा झालेला तो ग्रंथ आज फ्लॉरेन्समध्यें आहे. त्यांत पिवळा, तांबडा, पांढरा, चित्रविचित्र ठिपक्यांचा, अशा घेवड्याच्या जाति एकामागून एक नोंदल्या आहेत. एका पराभूत समाजाचे वृद्ध लोक, राज्य गेल्यानंतर, आपल्या बाजारांतल्या कडधान्याचे रंग एकेक करून सांगत आहेत, ही कल्पना मनाला चटका लावणारी आहे.

१५२१ मध्यें राजधानी पडली. देवळें मोडलीं, ग्रंथ जळले, आणि देवीसारख्या नव्या रोगांनीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं. मडकें मात्र चुलीवरून उतरलें नाहीं. स्पेनच्या लोकांनीं आणलेल्या पुष्कळ वस्तु त्यानें पोटांत घेतल्या. डुक्कर त्यांनीं आणलें, म्हणून चरबी आली. कांदा व लसूण त्यांनींच आणले. आधींच्या मडक्यांत पाणी, मीठ, मिरची आणि पाला एवढेंच असावयाचें. मडक्यालाही त्यांनीं शिशाची चकचकीत झिलई दिली. ही देणगी मात्र घातक ठरली. कमी आंचेवर भाजलेल्या अशा भांड्यांतून शिसें अन्नांत उतरतें, आणि त्याचा त्रास मेक्सिकोला अजूनही भोंवतो आहे. धान्यांत मात्र उच्चनीच भाव शिरला. ख्रिस्ती पूजेच्या प्रसादाची पोळी गव्हाचीच लागे. म्हणून गहूं जेत्यांचा आणि मका जितांचा, अशी विभागणी झाली. घेवडा तेवढा दोन्ही घरांत वावरला. हरभरा आणि बाकला खाण्याची स्पॅनिश जिभेला संवय होतीच. पुढें सुखवस्तु घरांतही दुपारच्या जेवणांत, गोडाच्या आधीं, घेवड्याची एक लहानशी वाटी येऊं लागली. गरीब तोच घेवडा पोट भरण्यासाठीं खात असे, श्रीमंत जेवण पुरें करण्यासाठीं.

आतां त्या आरोपाकडे येऊं. १८७६ पासून १९११ पर्यंत, मधला थोडा काळ वगळतां, पोर्फिरिओ दियास यानें मेक्सिकोवर सत्ता गाजविली. आगगाड्या आल्या, खाणी आल्या, परकी भांडवल आलें, आणि गांवोगांवच्या सामायिक जमिनी मोठमोठ्या जमीनदारांच्या घशांत गेल्या. याच काळांत, १८९९ सालीं, फ्रान्सिस्को बुल्नेस यानें आपला ग्रंथ लिहिला. मानवजातीचे त्यानें तीन वर्ग केले: गहूं खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे. पहिला वर्ग पुढारलेला. दुसरे दोन जात्याच मंद, असा त्याचा निवाडा होता. तांदूळ खाणाऱ्यांत आपणही आलोंच. असें लिहिलें म्हणजे जमीन कोणी घेतली, मजुरी किती मिळते, शाळा कोठें आहे, हे अडचणीचे प्रश्न विचारावे लागत नाहींत.

बुल्नेसला रसायनशास्त्राची आवड होती. परंतु त्यानें मका एकटा तराजूंत घातला. चुलीवरचें दुसरें मडकें त्यानें हिशेबांत धरलेंच नाहीं. १९१४ सालीं ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं मक्यांतील झेइन नांवाच्या प्रथिनावरच ठेवलेले उंदीर वाढत नाहींत. त्यांना लायसिन व ट्रिप्टोफॅन दिले कीं ते वाढूं लागतात. म्हणजे मक्यांत उणीव होती हें खरें. परंतु ती उणीव भरून काढणारा सोबती मेक्सिकोच्या शेतकऱ्यानें हजारों वर्षांपूर्वींच त्याच्या शेजारीं पेरून ठेवला होता.

१९१० मध्यें क्रांति झाली. तिच्या मुळाशीं जमिनीचा प्रश्न होता. सैन्याबरोबर हिंडणाऱ्या बायकांनीं रणांगणाच्या कडेला चुली मांडून शिपायांना जेवूं घातलें, आणि १९१७ च्या राज्यघटनेनें गांवांना जमिनी परत देण्याचें तत्त्व मान्य केलें. या नव्या मेक्सिकोंत एक महाराष्ट्रीय गृहस्थ येऊन पोंचले, हें आपल्या श्रोत्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. वर्ध्याकडचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळींत पडून देशोदेशीं भटकल्यावर १९२४ च्या सुमारास मेक्सिकोंत आले, आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत अध्यापक झाले. मका, गहूं आणि कडधान्यें यांवर त्यांनीं संशोधन केलें, आणि शेतकऱ्यांसाठीं मुक्त कृषिशाळा चालविण्यांत पुढाकार घेतला. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यानें शिक्षणमंत्रालयाच्या भिंतीवर १९२८ मध्यें काढलेल्या एका चित्रांत जेवणाच्या मेजावर भाकरी मोडून देणारा पुरुष आहे. त्याला चेहरा दिला तो खानखोज्यांचा. स्वदेश स्वतंत्र झाल्यावर ते परतले, आणि १९६७ मध्यें नागपुरांत त्यांचा अंत झाला. परक्या देशांतील गरिबाच्या ताटाकडे त्यांनीं तुच्छतेनें न पाहतां शास्त्रज्ञाच्या दृष्टीनें पाहिलें, ही गोष्ट आपणां सर्वांस अभिमानास्पद आहे.

बुल्नेसच्या आरोपाला प्रत्यक्ष पाहणीचें उत्तर १९४६ सालीं मिळालें. मेक्सिको शहराच्या उत्तरेस मेस्कितालचें खोरें आहे. रुक्ष, निवडुंगांचें आणि अत्यंत दरिद्री. तेथील ओतोमी लोकांची मेक्सिकन व अमेरिकन संशोधकांनीं वैद्यकीय तपासणी केली आणि त्यांच्या आहाराची मोजदाद केली. मांस आणि दूध फारच थोडें. टॉर्टिया, घेवडा, मिरची, रानांतला पाला आणि घायपाताच्या जातीच्या झाडापासून काढलेलें 'पुल्के' नांवाचें पेय, एवढ्यावर ते जगत होते. संशोधकांना वाटलें होतें त्यापेक्षां त्यांची प्रकृति पुष्कळच बरी आढळली. अहवालाचा सूर असा होता कीं, या लोकांची आर्थिक व सामाजिक स्थिति सुधारून खरोखर अधिक चांगलें कांहीं देतां येईपर्यंत त्यांच्या खाण्याच्या संवयी बदलूं पाहणें ही चूक होईल. याचा अर्थ ते सुखी होते असा कोणी करूं नये. त्यांच्या ताटांत दोष होता तो अन्नाच्या जातीचा नव्हता, अन्न कमी असण्याचा होता.

खटल्याचा निकाल असा लागला. पण निकाल लागल्यानें वादी-प्रतिवादींचें पुढचें आयुष्य थांबत नाहीं. १९९४ मध्यें मेक्सिकोचा अमेरिका व कॅनडा यांच्याशीं झालेला खुल्या व्यापाराचा करार अमलांत आला, आणि १ जानेवारी २००८ पासून मका व घेवडा यांच्यावरील उरलीसुरली जकातही उठली. उत्तरेकडील यंत्रांनीं पिकविलेल्या स्वस्त धान्यापुढें डोंगरउतारावरच्या लहान मिल्पाला टिकून राहणें कठीण झालें. २०१० मध्यें युनेस्कोनें मेक्सिकोची परंपरागत पाककला मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंदविली. त्या परंपरेंत मिल्पा, घेवडा आणि चुन्यांत शिजविलेला मका यांना मानाचें स्थान आहे. गंमत अशी कीं ज्या दशकांत हा मान मिळाला त्याच सुमारास शहरांतल्या घरांतून मडक्याची जागा डबाबंद घेवडा आणि झटपट खाण्याचे पदार्थ घेत होते, आणि घेवड्याचा दरडोई खप पूर्वीच्या मानानें घटलेला होता. ज्यांनीं पूर्वीं तें अन्न हलकें म्हणून हिणवलें, त्यांचे वंशज आज मोठ्या उपाहारगृहांत त्याला भारी किंमत देतात. आणि ज्यांनीं तें जपलें, त्यांच्या मुलांना कारखान्यांतली गोड बाटली स्वस्त पडते.

आपल्याकडेही हा दाणा आतां परका राहिलेला नाहीं. हिरवी शेंग आपण फरसबी किंवा श्रावणघेवडा म्हणून खातों. सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव तालुक्याचा पट्टेदार 'वाघ्या घेवडा' तर इतका तेथलाच झाला आहे कीं त्याला भौगोलिक निर्देशांकाची नोंदही मिळाली आहे. वेल मेक्सिकोकडचा किंवा अँडीजचा, नांव वाघाचें, आणि माती साताऱ्याची. दाण्याला सरहद्द नसते.

शेवटीं मेक्सिकोंतली एक म्हण सांगून आपला निरोप घेतों. अवचित पाहुणा दारांत उभा राहिला कीं तेथें म्हणतात, 'घेवड्यांत थोडें पाणी वाढवा.' आपल्याकडेही आमटींत पाणी वाढवून पाहुण्याला पानावर बसवून घेतात. त्यांत कमीपणा कोणी मानीत नाहीं. त्या देशाच्या मडक्यापाशीं जे पाहुणे आले, ते सारेच काहीं स्नेहानें आले नव्हते. कोणी तलवार घेऊन आला, कोणी जमिनीचे कागद घेऊन, कोणी सिद्धान्त घेऊन. मडक्यानें प्रत्येकाला जेवूं घातलें. आज आपल्या घरीं राजमा शिजत असेल तर झांकणावर पाणी ठेवतांना त्या दूरच्या चुलीची आठवण जरूर करावी, आणि कोणाच्या ताटाकडे पाहून त्याची योग्यता ठरवावयाची नाहीं, एवढा धडा तिच्याकडून घ्यावा.